ड्रायपॉइंटची प्रिंट फिकट येतेय? प्रेसच्या स्क्रूला हात लावण्याआधी हे बघा

"ताई, प्रेस सैल झालाय."

पहिल्या असाइनमेंटपासून वार्षिक सबमिशनपर्यंत हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. सांगणाऱ्याच्या एका हातात फिकट, करडी प्रिंट असते आणि दुसरा हात आधीच प्रेसच्या वरच्या, रोलरचा दाब वाढवणाऱ्या स्क्रूवर गेलेला असतो. मी एका कला महाविद्यालयाच्या ग्राफिक विभागात स्टुडिओ सांभाळते. त्याआधी तिथेच शिकले, आणि शिकताना मीही नेमकं हेच करत होते. प्रेस खरोखर सैल निघतो तो दहातून एखाद्या वेळी. उरलेल्या नऊ वेळा घोळ कागदात, शाईत, पुसण्यात नाहीतर सुईत असतो.

खालचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून खर्चिकाकडे जातो. त्यामागे आणखी एक कारण आहे. कागद पुन्हा भिजवता येतो, शाई पुन्हा लावता येते. पण स्क्रू आवळून प्लेट एकदा रोलरखालून गेली की जे चेपलं ते चेपलं. म्हणून स्क्रू शेवटी.

आधी 'बर' म्हणजे काय ते सांगते, कारण पुढे सगळं त्याच्याभोवतीच फिरणार आहे. ड्रायपॉइंटमध्ये ॲसिड नसतं, सुईनं पत्र्यावर, म्हणजे प्लेटवर, थेट खरडायचं असतं; मग शाई लावून, वरची पुसून, दमट कागदावर प्रेसखाली छापायचं. नांगराच्या तासाकडेला माती उलटून पडते, तसा रेघेच्या कडेला धातूचा बारीक कंगोरा उभा राहतो. फिटर लोक त्याला बर म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. एचिंगच्या, म्हणजे ॲसिडनं खाऊन कोरलेल्या, रेघेत शाई खड्ड्यात बसते. ड्रायपॉइंटमध्ये ती खड्ड्यात थोडी आणि बरच्या आडोशाला जास्त बसते. ती मखमली, किंचित पसरलेली काळी रेघ येते ती या आडोशामुळे. वर्कशॉपमध्ये जो बर कानस मारून उडवतात तोच आपल्याला जपायचा असतो. बर शाबूत तर प्रिंट बरी, एवढं साधं गणित आहे.

लक्षणं

आपली प्रिंट यातल्या कशात बसते ते बघा. दोन-तीन लक्षणं एकदम असू शकतात.

- पूर्ण प्रिंट करडी. रेघा आहेत, पण पेन्सिलीनं काढल्यासारख्या बारीक, मखमल कुठेच नाही.
- पहिल्या दोन प्रिंट छान, तिसरी बरी, पाचवीपासून सगळं उतरलेलं.
- एक बाजू गडद, दुसरी फिकट.
- रेघ मध्येमध्ये तुटलेली, मुंग्यांनी खाल्ल्यासारखी.
- रेघांपेक्षा पार्श्वभूमीच काळी, सगळ्यावर धूर बसल्यासारखा.
- रेघेच्या कडेला शाई फुटून डाग पडलेले, किंवा कागदाचे तंतू प्लेटला चिकटून आलेले.

पहिली आणि चौथी बहुतेकदा कागद किंवा वाळकी शाई. दुसरी म्हणजे बर जातोय. तिसरी आली की सगळे प्रेसकडे बोट दाखवतात, आणि कधीकधी ते खरंही असतं. पाचवी पुसण्यातली. सहावीत कागद फार ओला असतो किंवा शाई फार पातळ. हे ढोबळ आहे, खात्री खालच्या तपासण्यांनीच होते.

आधी नुसतं बघा: तुमच्याआधी प्रेसवर कोण होतं?

हात लावायचा नाही, विचारायचं. आपला तांब्याचा १८ गेजचा पत्रा साधारण १.२ मिलिमीटर जाड असतो. ॲक्रिलिकची शीट २ मिलिमीटर, कोणी ३ ची आणतं. काल कुणी जाड ॲक्रिलिक छापून प्रेस तसाच सोडला असेल, तर आज तुमच्या तांब्याला दाब कमीच मिळणार. उलटं झालं तर आणखी वाईट. पातळ पत्र्यासाठी बसवलेल्या दाबाखाली तुमचं जाड ॲक्रिलिक घातलंत तर पहिल्याच फेरीत बर सपाट.

आमच्याकडे प्रेसच्या शेजारी पाटी टांगली आहे. कुठली प्लेट, किती जाड, दोन्ही बाजूंचे गेज (स्क्रू किती आवळलाय तो आकडा) किती, हे छापणाऱ्यानं खडूनं लिहून जायचं. पाटी लावल्यापासून "प्रेस सैल झालाय" निम्म्यावर आलं.

प्लेटमध्ये कालची शाई आहे का?

शुक्रवारी उशीर झाला, प्लेट वरवर पुसली, सोमवारी पुन्हा छापायला घेतली. रेघांच्या तळाशी शाई वाळून बसलेली, नव्या शाईला जागाच नाही. प्रिंट फिकट येते आणि प्लेटकडे बघितलं तर रेघा काळ्याकुट्ट दिसतात, त्यामुळे माणूस चक्रावतो. नखानं एक रेघ हळूच टोकरा. काळा चुरा निघाला तर हेच आहे.

उपाय: तांब्याच्या किंवा झिंकच्या प्लेटवर टर्पेंटाइननं ओला केलेला मऊ चिंधा पसरून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मग मऊ केसांचा जुना दातब्रश रेघेच्या दिशेनं, वजन न देता फिरवा. आडवा घासायचा नाही. स्टुडिओच्या खिडक्या उघड्या ठेवा. डोकं दुखायला किंवा गरगरायला लागलं तर काम टाकून बाहेर जा.

ॲक्रिलिकला थिनर अजिबात लावू नका. दरवर्षी एक तरी जण लावतो. शीट पांढुरकी होते, बारीक तडे जातात, आणि ते सगळे तडे पुढच्या प्रिंटमध्ये इमानानं उमटतात. ॲक्रिलिकसाठी खायचं तेल, मग भांड्याच्या साबणाचं पाणी.

स्वच्छतेची आणखी एक कथा. एका मुलीनं तांब्याची प्लेट सबमिशनच्या आदल्या रात्री घरी नेली आणि देवाचे तांबे घासतात तशी चिंच-मिठानं घासून लख्ख करून आणली. प्लेट इतकी सुंदर दिसत होती की मला काही बोलवेना. बर शंभर टक्के गेला होता. तांबं काळवंडलेलं असलं तरी छपाईत काही बिघडत नाही. ते काळवंडू द्या.

कागद

हा सगळ्यात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार, आणि दुरुस्तीला खर्च शून्य.

कोरडा कागद ताठ असतो, रेघेत शिरत नाही. भिजवलेला कागद मऊ होतो, रोलर आणि कागदाच्या मधलं जाड लोकरी ब्लँकेट त्याला रेघेत ढकलतं आणि तो शाई उचलून आणतो. कागद अर्धवट कोरडा असला की तो उंच जागांची शाई उचलतो आणि खोल जागा सोडतो, म्हणून मुंग्यांनी खाल्लेली रेघ. फार ओला असला तर उलट: पृष्ठभागावरचं पाणी तेलकट शाईला जवळ येऊ देत नाही, शिवाय दाबाखाली शाई बाजूला फुटते.

किती वेळ भिजवायचा हे कागदाला दिलेल्या खळीवर ठरतं. मऊ, कमी खळीच्या कागदाला ट्रेमध्ये पाच-दहा मिनिटं पुरतात. जलरंगासाठी कडक खळ दिलेल्या कागदाला अर्धा-पाऊण तासही लागतो. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद आमची बरीच मुलं आणतात. चांगला आहे, पण प्रत्येक प्रकारच्या कागदाचा एक तुकडा आधी भिजवून बघा आणि वेळ पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहा. कार्ट्रिज शीटवर ड्रायपॉइंट छापून "मखमल येत नाही" म्हणू नका. येणारच नाही.

भिजल्यावर दोन स्वच्छ टॉवेलांमध्ये किंवा टिपकागदांमध्ये ठेवून वरून लाटणं फिरवा. हो, स्वयंपाकघरातलं. मग कागद खिडकीच्या उजेडात तिरपा धरा. कुठेही पाण्याची चमक दिसता कामा नये. गालाला लावला तर गार लागावा, ओला लागू नये. मळलेल्या कणकेवर जे फडकं झाकतो, ते तासाभरानं जितकं दमट असतं तितका.

ऋतूचंही भान ठेवा. एप्रिल-मेमध्ये टिपलेला कागद प्लेट पुसून होईपर्यंत, चार-पाच मिनिटांत, कडेनं सुकतो. तेव्हा प्लेट आधी पुसून तयार ठेवायची आणि मगच कागद टॉवेलातून काढायचा. पावसाळ्यात उलटा त्रास. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली दमट कागदांची चळत दोन दिवसांत कुबट वास मारते, आणि तिसऱ्या दिवशी बुरशीचे ठिपके. शुक्रवारी भिजवून सोमवारी छापू, हे जुलैत चालत नाही.

शाई

डब्यावर साय आली असेल तर ती पूर्ण, एका तुकड्यात उचलून टाका. ढवळून आत मिसळलीत तर तिचे कण रेघांत अडकतात आणि प्लेटवर ओरखडेही पाडतात.

शाई घट्ट श्रीखंडासारखी हवी, बासुंदीसारखी नको. चाकूवर उचलून धरली की थांबावी, मग जड होऊन सावकाश घसरावी. फार घट्ट असली तर रेघेत उतरतच नाही आणि पुसताना ओढून बाहेर येते. थंडीतल्या सकाळी हे हमखास होतं. काचेवर घेऊन चाकूनं पाच मिनिटं मळा, बहुतेक वेळा तेवढ्यानं सुटते. नाही सुटली तर जवसाच्या तेलाचे दोन थेंब. दोनच. तेल ओतलं की शाई रेघेबाहेर पसरते आणि सहावं लक्षण सुरू होतं. धातूची प्लेट हॉटप्लेटवर हाताला सोसेल इतकी कोमट करू शकता. ॲक्रिलिक तापवू नका, वाकतं.

बऱ्याच ठिकाणी ऑफसेटची शाई वापरतात, स्वस्त पडते म्हणून. ती फार चिकट असते, रंगही अंगानं पातळ. चालवून घेता येते, पण एचिंगच्या शाईचा काळा तिच्यातून काढायचा हट्ट धरू नका.

लावणं आणि पुसणं

इथे मी रेंगाळणार आहे, कारण बर सगळ्यात जास्त मरतो तो प्रेसखाली नव्हे, टेबलावर.

शाई लावायला कुणी एटीएमचं जुनं कार्ड घेतं. एचिंगला चालतं. ड्रायपॉइंटवर ते कार्ड उभं धरून ओढलंत तर रंधा मारल्यासारखा बर छाटला जातो. माउंटबोर्डाचा तुकडा घ्या, कड थोडी झिजवून मऊ करा, जवळजवळ आडवा धरा. किंवा कापडाची पुरचुंडी करून हलकेच थोपटत लावा. दोन-तीन दिशांनी लावा, कारण बर एका बाजूला कललेला असतो आणि एकाच दिशेनं लावलेली शाई त्याच्या पाठीमागे पोचत नाही. पोचली नाही तिथे प्रिंटमध्ये रेघेची एक कड पांढरी.

पुसायला टार्लटन, म्हणजे खळीचं जाळीदार कापड. नवं कोरं टार्लटन पापडासारखं कडक असतं. ते तसंच वापरू नका, दोन्ही तळव्यांत चोळून कडकपणा मोडा. पण धुऊन खळ सगळी घालवू नका. मऊ मलमल किंवा जुना बनियन रेघेत बुडतो आणि शाई शोषून बाहेर आणतो. खळीमुळे कापड रेघेवरून पुलासारखं जातं, खाली डोकावत नाही. आमच्याकडे "घरून धुतलेली ओढणी आणलीय" असं म्हणणाऱ्यांची प्रिंट हमखास करडी.

कापडाचा गोळा तळाला सपाट हवा, बोटं आत रुतलेली नकोत. गोल फिरवत, हाताचं वजन सोडून. पहिल्या गोळ्यानं जास्तीची शाई, दुसऱ्या स्वच्छ गोळ्यानं उरलेली. मग वर्तमानपत्राचा किंवा जुन्या टेलिफोन डिरेक्टरीचा कागद सपाट ठेवून तळव्यानं त्यावरून एकदा-दोनदा. डिरेक्टरीचा कागद याला फार छान, पण आता डिरेक्टरी रद्दीवाल्याकडेही मिळत नाही. शेवटी तळहातावर खडूची पूड घेऊन पुसायची पद्धत आहे. एचिंगला झकास, ड्रायपॉइंटला मी फक्त मोकळ्या जागांपुरती वापरते. रेघांवरून तळहात घासला तर शाई जाते, आणि ताज्या बरची कुसळं तळहातात शिरतात ती वेगळीच.

कुठे थांबायचं? प्लेट डोळ्यांच्या पातळीला आणून खिडकीकडे तिरपी धरा. मोकळ्या जागेवर चहाच्या पातळ डागासारखी फिल्म दिसावी आणि रेघेच्या कडेला काळी साय बसलेली दिसावी. धातू आरशासारखा लखलखत असेल तर जास्त पुसलंत. बोट फिरवल्यावर रेघ उमटत असेल तर कमी. ॲक्रिलिक पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, सगळं स्वच्छ दिसतं. ॲक्रिलिकचा हा एक खरा फायदा आहे.

माझं तिसऱ्या वर्षाचं एक काम होतं, पाण्यात बसलेली म्हैस. जवळजवळ पूर्ण काळी, हजारो रेघांवर रेघा. पहिल्या प्रिंटला ती खरोखर ओली, जड म्हैस होती. दुसरी जरा फिकट आली, मी स्क्रू आवळला. तिसरी आणखी फिकट, आणखी आवळला. सहाव्या प्रिंटला म्हशीचा सांगाडा उरला होता. मी दाब कमी पडतोय समजत होते. प्रत्यक्षात मी घाईघाईत, मऊ झालेल्या एकाच गोळ्यानं जोर लावून पुसत होते आणि दर फेरीला थोडा बर त्या कापडाबरोबर जात होता. उरलेला मी स्क्रूनं चेपला. त्या सहा प्रिंट अजून ड्रॉवरमध्ये आहेत. कोणी फारच घाईनं स्क्रूकडे निघालं की ओळीनं मांडून दाखवते.

दोष प्लेटचा की पद्धतीचा, हे कसं ठरवायचं

इतकं करूनही फिकटच येत असेल तर इथे एक फाटा पाडा. स्टुडिओत एखादी जुनी, ॲसिडनं खोल खाल्लेली एचिंग प्लेट शोधा, जाडी तुमच्या प्लेटएवढीच असलेली. एचिंगची रेघ बरवर अवलंबून नसते म्हणून ती लवकर झिजत नाही. त्याच शाईनं, त्याच कागदावर, त्याच दाबानं ती छापा.

ती उत्तम आली तर तुमचा कागद, शाई, ब्लँकेट, प्रेस सगळं ठीक आहे, दोष तुमच्या प्लेटमध्ये. तीही फिकट आली तर दोष फक्त प्लेटचा नाही, पुढे ब्लँकेट आणि प्रेस बघा. या एका प्रिंटनं अर्धा दिवस वाचतो, तरीही ही तपासणी कोणी स्वतःहून करत नाही. सगळ्यांना आपलीच प्लेट छापायची घाई.

प्लेट: बर आहे का, आणि होता का?

मोबाइलचा टॉर्च प्लेटच्या कडेला, अगदी आडवा धरा. बर असेल तर रेघेच्या एका कडेला चमक आणि तिच्यामागे बारीक सावली दिसेल. जवाहिऱ्याचं भिंग मिळालं तर दोन रेघा शेजारी ठेवून बघा: ताज्या रेघेचा बर करवतीच्या पातीसारखा उभा आणि ओबडधोबड, झिजलेल्या रेघेचा आडवा पडून गुळगुळीत झालेला. कापसाचा पुंजका वजन न देता रेघांवरून नेला तर चांगल्या बरमध्ये तंतू अडकतात.

मुळातच बर उभा राहिला नसेल तर सुई बघा. टोक अंगठ्याच्या नखावर तिरपं टेकवा. धारदार सुई जागीच अडते, बोथट घसरते. बोथट सुई धातू उलटवत नाही, नुसता दाबते. तेलाच्या दगडावर सुई बोटांत फिरवत टोक काढा. कंपासच्या टोकानं सुरुवात करणाऱ्यांना मी अडवत नाही, पण तांब्यावर ते दहा मिनिटांत बसतं. कार्बाइड टोकाची सुई महाग असली तरी वर्गात तिघांत एक घेतलीत तरी भागतं.

सुईचा कोनही बघा. सरळ उभी धरली तर दोन्ही बाजूंना थोडाथोडा बर येतो. पत्र्याशी साधारण ६० अंशांत कलवली तर एका बाजूला भरघोस. पेन धरल्यासारखी फार आडवी केली तर बर पातळ पापुद्र्यासारखा येतो, पहिल्या पुसण्यातच तुटतो. चित्र काढायची सवय असलेल्यांचा हात नेमका तिथेच जातो.

आणि बर होता पण संपला असेल, तर ते दुर्दैव नव्हे, तो ड्रायपॉइंटचा स्वभाव आहे. माझ्या हातून तांब्याच्या चांगल्या प्लेटवर बारा-पंधरा मनासारख्या प्रिंट निघतात, झिंकवर त्याहून कमी, ॲल्युमिनियमवर पाच-सहा. ॲक्रिलिकचा बर ठिसूळ, तो चेपत नाही, तुटतो. टेट्रापॅकच्या खोक्यावर तीन-चार निघाल्या तर खूश व्हा. तेव्हा प्रदर्शनाच्या फॉर्मवर ३० ची एडिशन (एकसारख्या ३० प्रती) लिहून मग प्लेटला वेठीला धरू नका. १० लिहा.

जर्मन चित्रकार ड्यूररनं १५१२ च्या सुमारास ड्रायपॉइंट केले ते तीनच, पुढे तो त्या वाटेला गेला नाही. डच चित्रकार रेम्ब्रांटनं १६५३ चे 'तीन क्रूस' थेट तांब्यावर खरडले आणि नंतर तीच प्लेट मोठमोठ्या आडव्यातिडव्या फटकाऱ्यांनी पुन्हा खरडून अंधारात बुडवली. आपल्यालाही तो मार्ग मोकळा आहे. त्याच रेघांवर पुन्हा सुई चालवा, बर परत येतो. चित्र मात्र तेच राहत नाही, ती प्लेटची नवी अवस्था असते. म्हणून प्रिंटवर तसं लिहा, जुन्या एडिशनच्या क्रमांकात मिसळू नका.

ब्लँकेट

छापून झाल्यावर ब्लँकेट काढून टांगायचं असतं, तसंच प्रेसमध्ये दाबून ठेवायचं नसतं. कागदातली खळ आणि पाणी त्यात जिरत राहतं आणि ते पुठ्ठ्यासारखं कडक होतं. कडक ब्लँकेट कागदाला रेघेत ढकलू शकत नाही, मग दाब कितीही द्या. हाताच्या घडीत दुमडून बघा. कुरकुरलं, मोडल्यासारखं झालं तर कोमट पाण्यात सौम्य साबण घालून भिजवा, पिळू नका, आडवं पसरून वाळवा. दुसरं: वरून बोटं फिरवून प्लेटच्या कडांचा जुना ठसा लागतोय का बघा. एकाच जागी वर्षभर एकाच मापाच्या प्लेट छापल्या की तिथे खळगा पडतो, आणि मोठी प्लेट घातली की मधलाच भाग फिकट येतो. ब्लँकेट फिरवून लावा.

आणि आता प्रेस

कोरी प्लेट घ्या, कडा कानशीनं उताराच्या केलेल्या. दमट कागद घालून शाईशिवाय एक फेरी. कागदावर उठलेल्या चौकटीच्या चारही कडा बोटानं चाचपा. चारही सारख्या खोल असतील तर दाब समान आहे. डावी खोल आणि उजवी उथळ असेल तर तिसऱ्या लक्षणाचं कारण सापडलं.

जी बाजू उथळ, तिकडचा स्क्रू पाव फेरा. पुन्हा कोरी फेरी. पुन्हा चाचपा. दोन्हीकडे कमी वाटला तर दोन्हीकडे पाव-पाव फेरा, कधीही एकदम अर्धा नाही. सुरुवातीची जागा खडूनं खुणावून ठेवा, म्हणजे परत जाता येईल. कागद प्लेटच्या कडेवर कापला जात असेल, किंवा प्लेट बाहेर येताना होडीसारखी वाकलेली असेल, तर दाब जास्त आहे, फिकटपणाचं कारण काहीही असो.

इथे थांबा

हे स्वतः करू नका, वर्गातल्या 'मेकॅनिकल डोकं आहे' अशा मित्रालाही करू देऊ नका:

स्क्रू अडकला आणि हातानं फिरत नसेल. पान्याला पाइप लावून जोर काढू नका, आटे गेले की तो भाग घडवून घ्यावा लागतो. चाक फिरवताना दर फेऱ्याला एकाच जागी कट्ट असा आवाज येतो किंवा हिसका बसतो, म्हणजे गिअर किंवा बेअरिंग. बेड, म्हणजे प्लेट ठेवायचा सपाट पाट, तिरका सरकतो. स्क्रू दोन्हीकडे सारखे करूनही एक बाजू उथळच राहते. वरच्या रोलरवर खोक पडलीय, आणि प्रत्येक प्रिंटवर त्याच अंतरानं तीच खूण येते. यातलं काहीही दिसलं की प्रेस बंद, पाटीवर 'वापरू नये' लिहा आणि विभागाला सांगून प्रेसची कामं करणारा फिटर बोलवा. जड रोलर आहे, बोटं जातात.

प्लेट जास्त प्रतींसाठी टिकवायची असेल तर तांब्यावर पोलादाचा पातळ मुलामा देता येतो. १९ व्या शतकापासून छापखान्यात हे चालत आलंय. पण ते विद्युत मुलाम्याचं काम आहे, ते करणाऱ्याकडूनच करून घ्या. व्हिडिओ बघून बादलीत करायचं काम नाही. आणि द्यायचा तर पहिल्या दोन-तीन प्रुफांनंतर, म्हणजे चाचणीच्या प्रिंटनंतर, लगेच. झिजलेल्या बरवर मुलामा देऊन गेलेला बर परत येत नाही.

धातूची कुसळ डोळ्यात गेली तर चोळू नका, स्वच्छ पाण्यानं धुवा आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे. जवसाच्या तेलाच्या शाईचे बोळे कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाणी घालून.

एवढं करून माझ्याकडे यायचं असेल तर शेवटच्या तीन प्रिंट आणा. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीनं लिहा: कागद कोणता, किती वेळ भिजवला, शाईत तेल किती, गेज डावीकडे किती, उजवीकडे किती. आणि प्लेट धुऊन आणू नका. छापून निघाली तशीच, शाईसकट, वर्तमानपत्रात सैल गुंडाळून आणा. रेघांत काय उरलंय ते मला बघायचं असतं.